पावलांचा हिशोब

ओट्यावर मुंग्यांची रांग लागली की माझ्या हाताला खाज सुटते. बोट ओलं करायचं आणि रांगेवर आडवी रेघ मारायची. पुढच्या मुंग्या आपल्या नादात निघून जातात. मागच्या रेघेपाशी येऊन थबकतात, मिशा हलवतात, डावीकडं पळतात, उजवीकडं येतात. परगावात रात्रीची शेवटची एसटी चुकलेल्या माणसासारखी त्यांची गत होते. मिनिट-दोन मिनिटांत एखादी धीट मुंगी रेघ ओलांडते, पलीकडचा वास तिला सापडतो आणि रांग पुन्हा सांधली जाते.

"कशाला त्यांची वाट मोडायलास?" माय म्हणते. ती स्वतः साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढते, तीही वाटच मोडते. पण तिच्या रेघेत पाप नसतं, माझ्या रेघेत असतं.

सगळ्याच मुंग्यांना अशी वासाची रांग परवडत नाही. ट्युनिशियाच्या खारवट वाळवंटात एक लांब पायांची मुंगी राहते. तिथली जमीन इतकी तापते की वासाची वाट टिकणं अवघड, आणि ही बाई नेमकी भर उन्हात बाहेर पडते, उष्म्यानं मेलेले किडे वेचायला. तेही एकटी. जाताना शोधत शोधत, वाकडीतिकडी, दहादा वळणं घेत. पण किडा तोंडात आला की जी वळते ती थेट बिळाच्या दिशेनं, सरळ रेषेत. दिशा ती आभाळाकडून घेते. सूर्याकडून, आणि आभाळभर पसरलेल्या प्रकाशाच्या एका ठेवणीकडून, जी आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

पण अंतर? ते कशावर मोजते? 2006 साली जर्मनी-स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांची रीत वाचून मी एकटाच हसलो होतो. बिळापासून दहा मीटरवर खाऊ ठेवला. मुंग्या तिथवर आपल्या पायांनी आल्या. मग परत निघायच्या आत काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून त्यांना उंच केलं आणि काहींचे पाय छाटून आखूड केले. (इथं हसू थांबलं.) उंच झालेल्या मुंग्या बीळ ओलांडून पंधरा मीटरच्या आसपास गेल्या आणि तिथं शोधाशोध करू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. पावलं तेवढीच टाकली होती, ढांग बदलली होती. मुंगी पावलांचा हिशोब ठेवते.

मायला हे रंगवून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग त्या पाय तोडलेल्यांचं काय झालं?"

मला ठाऊक नव्हतं. ते संशोधन वाचताना हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

मागच्या दिवाळीत पोरांना दौलताबादला नेलं. किल्ल्यातल्या अंधारीत शिरलो तेव्हा सोबतच्या वाटाड्यानं बॅटरी विझवली आणि शत्रूचं सैन्य इथं कसं चकायचं ते सुरू केलं. आपलाच हात आपल्याला दिसेना. पोरगी माझ्या शर्टाला धरून उभी. आणि डोक्यावर वटवाघळांची ये-जा चाललेली, निवांत, कुणाला धक्का न लावता. माणसाला चकवायला खोदलेला बोळ त्यांना राजरस्ता झाला होता. इटलीतल्या स्पालान्झानी या संशोधकांनी 1793 च्या सुमाराला पाहिलं होतं की खोलीतली मेणबत्ती विझली की घुबड भिंतींना धडकतं, वटवाघूळ धडकत नाही. त्याचे कान बंद केले की मात्र तेही धडकतं. कानानं दिसतं म्हणजे काय, हे कळायला पुढं जवळजवळ दीडशे वर्षं गेली. वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणारी हाक मारतं आणि तिच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतं. अंधारीत आम्हाला जी शांतता वाटत होती, ती बाजारातल्यासारखी गजबजलेली असणार.

पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात. डोक्यामागं दोन काळे पट्टे, अंगानं राखाडी. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरहून उंच उडाल्याची त्यांची नोंद आहे. मला त्यांच्या उंचीपेक्षा दुसरीच गोष्ट आवडते. पहिल्या वर्षीची पिल्लं आईबापांच्या सोबतीनं येतात. एकदा सोबत उडालं की वाट आपली झाली.

गुरांचं मात्र अजून नीट कळलेलं नाही. 2008 मध्ये उपग्रहाच्या फोटोंवरून काहींनी सांगितलं की चरताना, बसताना गाई उत्तर-दक्षिण तोंड करतात, त्यांना पृथ्वीचं चुंबकत्व जाणवत असावं. दुसऱ्यांनी तसेच फोटो तपासून म्हटलं, आम्हाला तसं काही दिसत नाही. आमचा गोठा पूर्व-पश्चिम होता. दावणीला बांधलेल्या बैलांना कोणी विचारलं नव्हतं.

त्या गोठ्यात तांबड्या होता. लाल कंधारी जातीचा, आखूड शिंगं, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी कड. आमचं गाव मन्याड नदीच्या काठी, कंधार तालुक्यात. 1987 चा उन्हाळा, मी नऊ वर्षांचा. कडबा संपत आला होता, विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि दोन बैलांतला एक विकायचं ठरलं. मुखेडकडचे एक पाव्हणे दलालाला घेऊन घरीच आले. सौदा उपरण्याखाली बोटं दाबून झाला, त्यामुळं आकडा मला कधीच कळला नाही. मायनं तांबड्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. ऊन उतरल्यावर पाव्हणे त्याला चालवत घेऊन गेले. दहा-अकरा कोसांची वाट, रातोरात गाठायची.

चौथ्या दिवशी पहाटे माय शेण काढायला गेली आणि तिथूनच ओरडली. तांबड्या आपल्या खुंट्यापाशी उभा होता. गळ्यात तुटकं दावं, त्याचं टोक चिखलानं माखून दोरखंडासारखं कडक झालेलं. गुडघ्याला खरचटलेलं. जोडीचा बैल त्याची मान चाटत होता. मायनं आधी पाणी पाजलं, मग आमच्या न्याहारीतल्या दोन भाकरी त्याच्या तोंडात दिल्या. दादा, म्हणजे माझे वडील, लांब उभे राहून नुसते बघत होते.

उजाडल्यावर दादा खुरांचे माग बघत निघाले. मी मागं. पाव्हणे पुलावरून गेले होते, म्हणजे चांगला वळसा घालून. तांबड्यानं पूल घेतलाच नव्हता. पलीकडच्या पांदीतून तो नदीत उतरला होता, वाळूतून आडवा येऊन, एका डोहाच्या चिखलात फसत, थेट आमच्या बांधावर. खुरांच्या ठशांची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ होती. दादांनी एका ठशात बोटं घालून पाहिली आणि काही न बोलता उठले.

कसा आला असेल? नदीकाठचं शिवार त्याच्या पायाखालचं होतं, तिथली सरळ वाट मी समजू शकतो. त्याआधीचे आठ-नऊ कोस तो आयुष्यात एकदाच चालला होता, तेही अंधारात, उलट्या दिशेनं. बैलाला मान न वळवता जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त पाठीमागची एक अरुंद पट्टी सुटते. म्हणजे पुढं चालतानाही मागं सरणारी वाट तो बघत असणार. नाक आपल्यापेक्षा किती तरी तिखट. कान असे की आपलं ऐकणं संपतं त्याच्या पुढचंही त्याला ऐकू येतं. यातलं त्या रात्री नेमकं काय कामी आलं, ते तांबड्याच जाणे. बैल पावलं मोजतो असं कुणी दाखवून दिलेलं नाही. मला वाटतं, तो मोजत असावा. या वाटण्याला आधार एवढाच की तो आला.

दुपारी पाव्हणे आले. दोन दिवस शिवारं पालथी घालून चेहरा उतरलेला. बैल बघितला आणि मट्कन ओट्यावर बसले. मायनं चहा दिला. पैसे परत द्यायचं कुणाच्या मनात आलं असलं तरी ते बोलण्यात आलं नाही. त्यातले निम्मे तोवर सावकाराकडं पोचले होते.

"चालवत नेऊ नका, पाव्हणं," दादा म्हणाले. "टेंपोत घाला. मागचं फळकं उंच लावा, बाहेरचं दिसू देऊ नका."

मी कित्येक वर्षं त्या वाक्यावरून दादांवर राग धरून होतो. पुढं त्या वाळवंटातल्या मुंग्यांबद्दल वाचताना एक गोष्ट सापडली. परत निघालेल्या मुंगीला अलगद उचलून दुसरीकडं सोडलं, तर ती गडबडत नाही. आधीच्याच दिशेला, आधीचंच अंतर चोख चालते आणि जिथं बीळ असायला हवं होतं तिथं गोल गोल फिरत राहते. उचलून नेलेली वाट तिच्या हिशोबात धरलेली नसते. पायांनी न चाललेलं अंतर तिच्यासाठी झालेलंच नसतं. दादा चौथी शिकलेले. त्यांना हे माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी टेंपो आला. तांबड्या फळीवरून चढेना, मग दादांनीच पुढं होऊन वेसण धरली आणि तो मुकाट्यानं चढला. पुन्हा काही तो आला नाही.

टेंपोचं भाडं दादांनी दिलं. बैलाच्याच पैशातून.