भांडं उलटं करून

टोकियोत यूराकुचो स्टेशनाजवळ, इंटरनॅशनल फोरमच्या अंगणात, महिन्यातून साधारण दोन रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथं मी पहिला सोबा-चोको घेतला तो गैरसमजातून. सोबा-चोको म्हणजे मुठीत मावणारा, बिनकानाचा, सरळ भिंतींचा चिनी मातीचा पेला. सोबाच्या शेवया बुडवून खायचं सार त्यात घेतात. विकणाऱ्या आजोबांनी तो माझ्या हातात देताना गंभीरपणे सांगितलं, "न्यू आरिमासु." मला वाटलं, काय प्रामाणिक माणूस! सगळा जुना माल मांडलाय, त्यातला हा एक नवा, म्हणून आधीच सांगून टाकतोय. नवा तर नवा, म्हणून घेतला. घरी येऊन चहा ओतला तेव्हा काठापासून खाली उतरलेली केसाएवढी चीर दिसली. या धंद्यात त्या चिरेलाच ‘न्यू’ म्हणतात. आजोबा प्रामाणिक होतेच, फक्त मी इंग्रजीत ऐकत होते.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "टिचकी मारून नाही का बघितलीस?"

साताऱ्याला बोहारणीकडून पातेलं घेतानासुद्धा आई टिचकी मारते. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर परत. फोन ठेवून मी पेल्याला टिचकी मारली. बद्द.

नंतर बाजारात जाऊन जाऊन जरा शहाणी झाले. जाणती माणसं तिथं काय करतात ते पाहिलं. पहिल्यांदा भांडं दोन्ही हातांत घेतात, अंगठी काढून ठेवतात, आणि लगेच ते उलटं करतात. वरची नक्षी कुणीही बघतं, खरी पत्रिका बुडाखाली असते. बुडाचं कडं किती झिजलंय, झिलई किती करकरीत किंवा किती मऊ आहे, निळा कसा आहे. जुन्या हाताच्या कामातला निळा जरा राखाडी, पावसाळी आभाळासारखा. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, बाहेरून कोबाल्ट यायला लागलं, तेव्हापासूनचा निळा भडक, कपड्यांना घालायच्या निळीसारखा. माझे पाचातले चार पेले या भडक जातीचे. त्यांची नक्षी कागदी साच्यातून छापलेली, आपल्या रांगोळीच्या छापासारखीच ठिपक्याठिपक्यांची. मागच्या बाजूला छापाची दोन टोकं नीट जुळलेली नाहीत, एका ठिकाणी तर फूल अर्धंच राहिलंय. जाणकार संग्राहक अशा मालाकडे थोडं वरून बघतात. मला ते अर्धं फूल फार आवडतं. दिवसभर छाप मारून कंटाळलेला कुणीतरी तिथं मला भेटतो.

बुडाखाली अक्षरंही असतात, आणि ती वाचायला लागलं की गंमत सुरू होते. कुठं चौकटीत ‘फुकु’, म्हणजे भाग्य. आपण वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो, तसं. आणि कुठं चक्क सहा अक्षरांत चिनी शिक्का, ‘महान मिंग घराण्याच्या छंगह्वा काळात घडवलेलं’. हा छंगह्वा बादशहा १४८७ साली वारला. जपानात चिनी माती भाजायला सुरुवात झाली ती १६१० च्या दशकात. परंपरा १६१६ साल सांगते, आणि श्रेय देते यी साम-प्योंग नावाच्या कोरियन कुंभाराला. जपानचा त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांनंतर जे कारागीर जपानात आणले गेले त्यातला तो एक. क्यूशू बेटावरच्या आरिता गावाजवळ इझुमियामाच्या डोंगरात त्याला चिनी मातीसाठी हवा तो दगड सापडला, म्हणतात. म्हणजे कोरियन हातांनी, जपानी दगडातून भांडं घडवायचं आणि खाली सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या चिनी बादशहाचं नाव घालायचं! लबाडी म्हणावी तर ती घेणाऱ्यालाही ठाऊक होती. चांगलं भांडं म्हणजे चिनी, एवढाच त्याचा अर्थ. आपण तरी कुठं वेगळं करतो? जगात कुठंही भाजलेली असली तरी बरणी आपल्याकडे चिनी मातीचीच.

त्यात हा माल आरिताचा असूनही सगळीकडे ओळखला जातो तो ‘इमारी’ म्हणून, कारण जहाजात चढायचा इमारी बंदरात. पिकतं तिथं विकत नाही, आणि इथं तर नावही उरत नाही. चीनमध्ये मिंग जाऊन छिंग येत होते, त्या धामधुमीत तिथला माल मिळेनासा झाला तेव्हा डच व्यापारी इकडे वळले. १६५९ मध्ये त्यांनी एकदम पन्नास हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. एवढी भांडी भाताच्या पेंढ्यात बांधून उतरवणाऱ्या माणसांचा विचार आला की मला आमचं घर बदलताना केलेलं पॅकिंग आठवतं आणि गप्प बसावंसं वाटतं.

तिकडे युरोपात या भांड्यांनी भिंती मढवायची हौस आली. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यात एक अख्खी खोली वरपासून खालपर्यंत चिनी-जपानी भांड्यांनी भरलेली आहे. फोटो बघून मलाही सुचलं. निशी-कासाईतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी भिंतीवर एक फळी ठोकली, त्यावर पाच पेले, मागे एक बशी उभी. दोन दिवस फार ऐट होती. तिसऱ्या रात्री भूकंपाचा छोटासा हिसका बसला. छोटा म्हणजे नवरा जागाही झाला नाही इतका. पण पेले एकमेकांशी असे काही किणकिणले की मी अंधारात उठून दोन्ही हातांनी फळी धरून उभी राहिले. भांड्याला भांडं लागायचंच, हे आजवर संसाराबद्दल ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेल्याखाली चिकटणारं जेल लावलं. भूकंपाचा प्रश्न मिटला, पण आता पेला उलटा करून बघता येईना. मग त्या सजावटीत राम राहिला नाही. पेले स्वयंपाकघरात आले आणि तिथंच रमले. एकात कोशिंबीर, एकात सोलकढी, न्यूवाल्यात आमटी.

न्यूवाल्याला मात्र आमटी लागली. चिरेत हळद शिरली आणि बघता बघता तिथं पिवळीजर्द रेघ उमटली. फुटकं भांडं उरुशी झाडाच्या चिकानं सांधून वर सोन्याची पूड लावायची जपानी रीत आता कोल्हापूरच्या शाळेतल्या भाषणातही ऐकू येते. आमच्याकडे ते सोनं फुकट झालं.

मला त्याहून जवळची वाटते ती दुसरी, गरिबाघरची दुरुस्ती, ‘याकित्सुगी’. मेइजीच्या आधीच्या एदो काळाच्या उत्तरार्धात गल्लोगल्ली फिरून कारागीर फुटकी भांडी काचेच्या भुकटीनं सांधून पुन्हा मंद आचेवर भाजून द्यायचे. आपला कल्हईवालाच म्हणा. भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून बुडाखाली लाल रंगात खूण करायचे. क्योतोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, तिथं मला अशी एक वाटी मिळाली. तीन तुकड्यांची. सांधा पांढरट, जाडसर, अजिबात देखणा नाही. खाली फिकट लाल दोन फटकारे. कुणाच्या घरची खूण ते आता कोण सांगणार!

गेल्या वर्षी आई तीन महिने इथं होती. पेले पाचच का, हा तिचा पहिला प्रश्न. इथं चार या आकड्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा म्हणून चार नकोत, आणि संच पाचाचा, असं मी समजावलं. "मग सहावं माणूस आलं तर?" सहाव्याला स्टीलचा पेला, असा तोडगा निघाला, आणि तो पेला तिनं स्वतःकडे घेतला. तिच्या लग्नातला आहे, बाजूला ठिपक्याठिपक्यांनी तिच्या मामांचं नाव कोरलेलं.

गणपतीत एका ओळखीच्यांकडे तीसेक माणसांचं जेवण होतं. प्रत्येकीनं काहीतरी करून न्यायचं. मी ऑफिसातून घरी पोचायच्या आत आईनं कोशिंबीर, पंचामृत, चटण्या भरून पाचही पेले आणि याकित्सुगीची वाटी पिशवीत घातली होती. मी हबकलेच. शंभर वर्षांची भांडी, तीस माणसं, त्यात आठ पोरं! आई शांतपणे म्हणाली, "हरवायची नाहीत. खुणा केल्यात."

उलटी करून बघितली. प्रत्येक पेल्याखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका. साताऱ्याला हळदीकुंकवाला वाडग्या पाठवताना करते तसा. वाटीखाली मात्र नव्हता. "तिला आधीच होता की," ती म्हणाली.

रात्री सहाही नग घरी आले. ठिपके रिमूव्हरनं जातील, मी बाटली काढूनही ठेवली होती. अजून पुसलेले नाहीत. पुढंमागं हे पेले कुणा दुकानदाराच्या हाती गेले, तर तो ते उलटे करेल, गिऱ्हाइकाला ठिपका दाखवेल आणि मोठ्या गंभीर चेहऱ्यानं त्याचा काळ सांगेल. किंमतही थोडी वाढवेल.