सामन्यांची नोंदवही: ढाका, आणि नऊ नंबरचा प्रश्न

ढाक्याचं पान आज लिहून संपवलं. १८ नोव्हेंबर २०२५, फुटबॉल, बांगलादेश १, भारत ०. आशिया कपचं तिकीट मडगावला सिंगापूरकडून हरलो तेव्हाच गेलं होतं, त्यामुळे आता हरले काय नि जिंकले काय, असं म्हणणारे सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या खोलीतच दोघं होते. मला ते पटत नाही. बांगलादेशाकडून आपण याआधी हरलो होतो ते २००३ मध्ये. शिवाय संघाला मुळात काय येतं आणि काय येत नाही हे अशाच सामन्यात कळतं, कारण गुणांचं दडपण नसतं. आणि ढाक्यात जे दिसलं तेच मडगावला दिसलं होतं, त्याआधी हाँगकाँगला, त्याआधी शिलाँगला.

गोल लवकर खाल्ला. त्यांचा रकीब डावीकडून सुटला, मोरसालिनने चेंडू आत ढकलला. त्यानंतर जवळजवळ सगळा सामना शिल्लक होता. आपल्या छांगतेचा एक फटका, गोलकीपर जागेवर नसताना, त्यांच्या हमझा चौधरीने डोक्याने काढला. पानावर मी जाड पेनने वर्तुळ केलंय ते तेवढ्या एका संधीला. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू बहुतेक आपल्याकडेच होता, पण गोलसमोरच्या बॉक्सच्या तोंडाशी जायचा आणि माघारी यायचा. मिडफिल्डला, तिथून सेंटर बॅकला, पुन्हा विंगवर. बघताना जीव वर-खाली होतो. शेवटी राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

गटात पाच सामने झाले, दोन गुण आणि दोन गोल. मार्च २०२३ ते जुलै २०२३ या काळात तीन ट्रॉफ्या जिंकलेला हा संघ. त्या वर्षी रँकिंग ९९ होतं, नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी वहीबद्दल थोडं. सांगली हे विजय हजारेंचं गाव, इथे कोपऱ्याकोपऱ्यावर क्रिकेटची चर्चा करायला माणूस मिळतो. फुटबॉलसाठी पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर गाठावं लागतं. त्यामुळे बोलायला कुणी नसलं की मी लिहितो. प्रत्येक पानावर अर्ध्या मैदानाचा नकाशा असतो. आपला क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, जिथून निघाला तिथे लाल फुली, आणि त्या क्षणी बॉक्समध्ये आपले जितके खेळाडू असतील तितके निळे ठिपके. सामना संपला की रेकॉर्डिंग थांबवून थांबवून हे भरायचं. काम कंटाळवाणं आहे, पण थेट बघताना जी चूक खेळाडूची वाटते ती पुष्कळदा रचनेची निघते. या वर्षीची पानं एकापाठोपाठ एक उलटली तर लाल फुल्या सगळीकडे पसरलेल्या दिसतात. निळे ठिपके मात्र दूरच्या पोस्टजवळ एक आणि बॉक्सच्या बाहेर दोन. पेनल्टी स्पॉट आणि जवळचा पोस्ट यांच्यामधला पट्टा कोरा. चिडावं असं हे चित्र आहे, कारण क्लब फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा, गोल त्याच पट्ट्यातून होतात.

गेल्या आठवड्यात दुसरं एक काम केलं. गेल्या सव्वा वर्षात, म्हणजे मार्केझ प्रशिक्षक म्हणून आल्यापासून, भारताचा प्रत्येक गोल कुणी केला ते एका पानावर उतरवलं. मार्केझच्या आठ सामन्यांत पाच गोल: व्हिएतनामविरुद्ध आपल्या अंबरनाथचा फारुख चौधरी, मलेशियाविरुद्ध राहुल भेके, आणि मालदीवविरुद्ध भेके, लिस्टन, छेत्री. त्यांच्यानंतर आलेल्या खालिद जमीलच्या सात सामन्यांत पुन्हा पाचच: ताजिकिस्तानविरुद्ध अन्वर अली आणि झिंगन, ओमानविरुद्ध उदांता, सिंगापूरला रहीम अली, मडगावला छांगते. दहा गोलांपैकी चार डिफेंडरांचे. रहीमचा गोल सिंगापूरच्या खेळाडूने मागे दिलेला पास आखूड पडल्यामुळे मिळाला, आणि त्या प्रसंगावधानाबद्दल रहीमचं कौतुकच केलं पाहिजे. मडगावचा छांगतेचा गोल लांबून मारलेला, फारच सुंदर. पण नऊ नंबरने, म्हणजे मधल्या स्ट्रायकरने, बॉक्समध्ये जागा काढली, क्रॉस तिथे आला आणि गोल झाला, असा गोल शोधायला गेलं तर हात मालदीवच्या सामन्यावर येऊन थांबतो. तिथे गोल केला तो चाळीस वर्षांच्या, निवृत्ती मागे घेऊन आलेल्या छेत्रीने.

प्रशिक्षकांवर येतो, कारण मागच्या नोंदीनंतर बहुतेकांनी दोष प्रशिक्षकांचा का, हेच विचारलं होतं.

मार्केझच्या आधीच्या स्टिमॅकबद्दल फार लिहीत नाही. २०२३ चं श्रेय त्यांचं, आणि आशिया कपमध्ये तीन सामन्यांत शून्य गोल, नंतर गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १–२ हेही त्यांचंच. विश्वचषक पात्रतेच्या सामन्यात दोहाला कतारने चेंडू रेषेबाहेर गेल्यावर केलेला तो गोल अन्यायच होता, पण अफगाणिस्तानला हरवलं असतं तर दोहावर अवलंबून राहावं लागलं नसतं.

मार्केझबद्दल माझी तक्रार त्यांच्या डोक्याबद्दल नाही. माणूस हुशार आहे, एफसी गोवाने त्यांच्या हाताखाली मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला, तोही अंतिम सामन्यात खालिद जमीलच्या जमशेदपूरला हरवून. तक्रार आहे ती ही की राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक वर्षभर एका क्लबचाही प्रशिक्षक राहतो, हे महासंघाला चालतं कसं? देशाच्या संघाला मुळात वर्षातून मोजके दिवस मिळतात. त्या मोजक्या दिवसांतही प्रशिक्षकाचं अर्धं लक्ष लीगच्या तक्त्यावर असणार. शिलाँगला बांगलादेशाशी ०–० झालं तेव्हा ते स्वतःच सामन्यानंतर संतापले होते. मग हाँगकाँग. पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनसमोर गोल उघडा पडला होता, तो चुकला. इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी गेली आणि १–०. आठ सामन्यांत एक विजय, चार बरोबरी, तीन पराभव. जुलैत ते गेले.

खालिद जमील आल्यावर आमच्या ग्रुपमध्ये आनंद झाला होता आणि मलाही मनापासून झाला. तेरा वर्षांनी भारतीय माणूस. ज्याने २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली. त्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: मागे दाट उभं राहायचं, चेंडू मिळाला की दोन-तीन पासांत पुढे. ताजिकिस्तानातल्या सप्टेंबरच्या स्पर्धेत ती चालली, कारण समोरचा संघ चढून येत होता. यजमानांना २–१ हरवलं, पुढे तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानला पेनल्टींवर. ओमानचा सामना संपला तेव्हा आम्ही गच्चीवर जाऊन ओरडलो होतो. पण सिंगापूर आणि बांगलादेश चढून येत नाहीत. एक गोल झाला की ते स्वतःच दाट उभे राहतात, आणि तेव्हा आपल्याकडे दुसरा बेत नसतो. माझा जमीलवर आक्षेप असेल तर हाच. मडगावला आपण १४व्या मिनिटाला पुढे होतो! घरचं मैदान, जिंकणं भाग. हाफटाइमच्या तोंडावर बरोबरी झाली, दुसऱ्या हाफमध्ये सोंग उई-याँगने दुसरा गोल केला आणि तिथून पुढे माझ्या पानावर लाल फुल्यांचा नुसता पाऊस. रचना तीच, माणसं बदललेली. झिंगनला सिंगापूरच्या सामन्यात लाल कार्ड मिळालं होतं, तो नव्हता, हे मान्य. पण मागच्या फळीतला एक माणूस नसणं हे पुढची फळी कोरडी राहण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता खेळातली गोष्ट, जी रेकॉर्डिंग थांबवून बघितल्याशिवाय पटत नाही. लिस्टन उजव्या पायाचा, खेळतो डावीकडे. छांगते डाव्या पायाचा, खेळतो उजवीकडे. दोघंही चेंडू घेऊन आत वळतात. आत वळायला एक टच लागतो, त्या एका टचमध्ये समोरचा बचाव जागेवर येऊन उभा राहतो. मग एक तर लांबून फटका, नाहीतर आत वळणारा उशिरा आलेला क्रॉस. अशा क्रॉसवर गोल करायला स्ट्रायकरने आधी दूरच्या पोस्टकडे जायचं नाटक करून डिफेंडरच्या पुढून जवळच्या पोस्टकडे झेप घ्यायला लागते, आणि ती झेप कधी घ्यायची हे सवयीनेच येतं. मनवीर सिंगकडे बघा. भारतासाठी तो मधोमध उभा राहतो, मोहन बागानमध्ये उजव्या विंगवर, कारण तिथे पुढे मॅक्लारेन आणि कमिंग्ज हे परदेशी आहेत. क्लबकडून विंगवर धावलेल्या माणसाला देशासाठी दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये नऊ नंबर कसा करणार? मी त्याच्या धावा आखल्या आहेत. क्रॉस निघतो त्या क्षणी त्याचे पाय आपोआप कडेला वळतात. त्यात त्याचा काही दोष नाही, तो त्याला जे शिकवलंय तेच करतो.

म्हणूनच मी सगळा राग डगआउटवर, म्हणजे प्रशिक्षकांवर, काढायला तयार नाही. आयएसएल या आपल्या मुख्य लीगमध्ये एका वेळी एका संघाचे चार परदेशी मैदानात असू शकतात, आणि पैसा खर्च करायचा तर क्लब तो गोल करणाऱ्यावरच खर्च करतात. २०२४-२५ मध्ये सर्वाधिक गोल परदेशी अजराईचे, २३. भारतीयांत सगळ्यात जास्त छेत्रीचे, १४. भारतीय स्ट्रायकर कुठे आहेत या प्रश्नाचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

कोल्हापुरातही बघा. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेचे संघ, तालमींची ईर्ष्या, पावसातसुद्धा भरलेली गॅलरी, सगळं आपलं. पण मोठे संघ पुढच्या जागेसाठी आफ्रिकेतले खेळाडू आणतात. प्रेक्षकांना गोल हवे असतात, संघाला कप हवा असतो, त्यामुळे दोष द्यावा असं कुणी नाही. पण त्या जागेसाठी जे गल्लीतलं पोर तयार झालं असतं ते राहून जातं.

मिरजेत रविवारी सकाळी पोरं खेळतात, तिथे मी जाऊन बसतो. त्यात एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे, दोन्ही पायांनी मारतो, आणि मुख्य म्हणजे चेंडू येण्याआधी मान वळवून डिफेंडर कुठे आहे ते बघतो. ही सवय मी मोठ्यांमध्येही फार कमी पाहिली आहे. ऑक्टोबरपासून तो लेफ्ट बॅकला खेळायला लागला. मला राहवलं नाही, विचारलं, का रे बाबा?

"काय उपयोग काका? पुढं बाहेरचाच घेत्यात सगळे. ट्रायलला लेफ्ट बॅक म्हणलं की निदान नाव तरी लिहून घेत्यात."

त्याचं चुकत नाही. चार ठिकाणी ट्रायलला जाऊन आलेला आहे तो, त्याला बाजार माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण घरी येऊन मी वहीतली ती कोरी जागा पुन्हा बघितली आणि जेवण गेलं नाही.

आणखी एक. या मोसमात जमीलला खेळाडू मिळाले तेही अर्धवट तयारीचे. जुलैत आयएसएल लांबणीवर पडली, ऑक्टोबर उजाडला तरी लीगचा पत्ता नाही. ताजिकिस्तानातल्या त्या स्पर्धेला मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत. सामन्यांची सवय नसलेले पाय ७०व्या मिनिटानंतर जड होतात हे माझ्या पानांवर स्पष्ट दिसतं: मागच्या बॅकची ओव्हरलॅपची धाव तिथून पुढे जवळजवळ नाहीशी होते. विंगर आत वळतोय आणि बाहेरून कुणी धावत नाही, म्हणजे बचावाला एकच गोष्ट सांभाळायची. तरीही, आणि हे मी जमीलचा चाहता म्हणून लिहितोय, हे सगळं माहीत असताना त्याने लिस्टन आणि छांगतेची बाजू एकदा तरी अदलाबदल करून बघायला हवी होती. डाव्या पायाचा माणूस डावीकडे, थेट गोललाइनकडे धाव, पहिल्या टचला क्रॉस. समोरचे सावरायच्या आत चेंडू त्या कोऱ्या पट्ट्यात. चाललं नसतं तर नसतं.

रायन विल्यम्सकडे आता सगळ्यांचे डोळे लागलेत. आईकडून मुंबईचा, ऑस्ट्रेलियात वाढलेला, आता भारतीय नागरिक. ढाक्याला संघाबरोबर गेला पण त्याला खेळता आलं नाही. त्याच्या येण्याने मलाही बरं वाटतंय. पण तोही कडेने खेळणारा. तो आत चेंडू देईल, आत कोण असेल?

पुढच्या पानांसाठी वहीत दोन बदल करतोय. क्रॉस घेण्याआधी विंगरने किती टच घेतले ते फुलीशेजारी आकड्याने लिहिणार, म्हणजे आत वळण्यामुळे नेमका किती उशीर होतो ते दिसेल. आणि निळ्या ठिपक्याला बाण जोडणार: स्ट्रायकर कुठून कुठे गेला. हाँगकाँगशी घरचा सामना ३१ मार्च २०२६ ला आहे, तोवर जुनी पानं या पद्धतीने पुन्हा भरून होतील असं वाटतं. शिलाँगच्या बांगलादेश सामन्याचं अख्खं रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही, पहिला हाफ मध्येच तुटतो. कुणाकडे असेल तर कळवा. आणि सातारा, कराड, इचलकरंजी भागातलं कुणी आपल्या इथल्या सामन्यांची अशी नोंद ठेवत असेल तर नऊ नंबरला कोण खेळतं, किती वर्षांचा आहे, आधी कुठे खेळायचा, एवढं तरी लिहून पाठवा. मिरजेच्या त्या पोराला मी डिसेंबरात पुन्हा पुढे खेळायला सांगणार आहे. निदान रविवारपुरतं.