सात की आठ

1988 ते 2012, चोवीस वर्षं मी भोसरीला प्रेस शॉपमध्ये काढली. पत्रा कापायचा, डायमध्ये ठोकायचा. पॉवर प्रेसचा दणका अंगात मुरला की तो आवाज वाटत नाही, ठेका वाटतो. इअरप्लग मिळायचे, पण ते घातले की काम बरोबर चाललंय का हे आवाजावरून कळायचं नाही. मग ते खिशातच राहायचे. बोलणं हाताने, डोळ्यांनी.

नोकरी सुटल्यावर घरात माझी ओळख ठरून गेली. लग्नकार्यात मी मांडवाच्या कडेची खुर्ची धरायचो. सूनबाई पाहुण्यांना सांगायची, "बाबा तसे शांतच आहेत." मलाही ते पटलं. माझे वडील कसब्यातल्या तांबट आळीत भांडी घडवायचे, हातोडीने ठोकून मठारकाम करायचे. तेही अबोल. म्हटलं, रक्तातच असेल.

गेल्या वर्षी हिने सांगितलं होतं, सातची एसटी आहे. मी आठ ऐकलं. स्वारगेटला पोचलो तेव्हा गाडी निघून तास होत आला होता. ही एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला कान तपासायला घेऊन गेली.

बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. मग कागद हातात आला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. कागदाच्या डावीकडून, म्हणजे खालच्या पट्टीच्या आवाजांपासून, रेघ बरी चालली होती आणि 4000 हर्ट्झजवळ (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) खड्ड्यात पडली होती. तपासणाऱ्या ताईंनी तो खड्डा बघून पहिलाच प्रश्न केला, "काका, कारखान्यात होता का?" मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

सतत मोठ्या आवाजात राहिलं की आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात. त्या पुन्हा येत नाहीत. पहिला घाव बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात बसतो. 'आ', 'ओ' यांचा जोर त्याच्या खाली असतो, ते शाबूत राहतात. स, श, फ वरचे, ते आधी जातात. 'सात'मधला स गेला की उरतं 'आत', आणि मन त्याचं आठ करून घेतं. म्हणून मला आवाज यायचा, शब्द कळायचा नाही. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या शॉपमध्ये कुणी मोजल्याचं मला आठवत नाही.

त्या रात्री झोप आली नाही. इतकी वर्षं ज्याला मी स्वभाव म्हणत होतो, तो कागदावरचा एक खड्डा होता. मला माणसं नकोशी झाली नव्हती. ती ऐकू येत नव्हती.

कानाचं मशीन लावलं. पहिले काही दिवस स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. मग नात सई "आबा, सांगू?" म्हणाली, आणि तिच्या नावातला स मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकला.

दोन महिन्यांनी ताईंनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं. मी म्हणालो, दिवसभर घालतो. मला खरंच तसं वाटत होतं. मशीनने ठेवलेली नोंद पडद्यावर आली, रोज सरासरी चार तास, आणि त्यातलाही बराच वेळ शांत खोलीत. हे मला लागलं. म्हणजे कान मिळाल्यावरही मी कडेच्याच खुर्चीत बसत होतो. सगळं हर्ट्झवर ढकलून चालणार नव्हतं.

आता मंडईत जाताना मशीन घालूनच जातो. तिथे शब्द अजून एकमेकांत मिसळतात, डोकं शिणतं, पण जातो. परवा तिथून तांबट आळीत वळलो. एका घरात अजून हातोडी चालू होती. उंबऱ्याशी उभा राहिलो आणि वडील आठवले. मी लहानपणी काही सांगायला लागलो की ते काम थांबवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. ते रागावलेत असं वाटून मी मधेच गप्प व्हायचो.

ते ओठ वाचत होते.