चोर्ला उतरून डिचोलीत: मागचे शॉकअप काढायचे तर

कोल्हापूरहून गोव्याला जायचं तर मला आंबोलीपेक्षा चोर्ला बरा वाटतो. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरलं की साखळी आणि पुढे डिचोली. पावसाळ्यात धुकं इतकं असतं की पुढच्या ट्रकचा दिवाही दिसत नाही, पण रहदारी त्या मानाने कमी. या वेळी घाटात दर वळणावर मोटरसायकलचं मागचं चाक नाचायला लागलं. खड्डा गेला तरी गाडी दोन-तीनदा वरखाली होतच राहायची.

डिचोलीत मावशीच्या अंगणात गाडी सेंटर स्टँडवर चढवली आणि खाली वाकून बघितलं. डाव्या शॉकअपच्या, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगवाल्या नळकांडीच्या, दांड्याभोवती तेल पाझरलेलं आणि त्यावर जांभ्याची लाल धूळ बसून चिखलाचं कडं तयार झालेलं. आतलं तेल अडवणारं सील गेलेलं. असं तेल टायरवर किंवा ब्रेकवर उतरायला वेळ लागत नाही. त्यामुळे ते दिसलं की 'कोल्हापूरला गेल्यावर बघू' म्हणू नका. तेल दिसत नसेल तर गाडी स्टँडवरून उतरवून मागची सीट दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि सोडा. वर येऊन लगेच थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप संपला.

माझी गाडी मागे दोन शॉकअपवाली, म्हणून हे अंगणात जमलं. मोनोशॉक असेल तर माझं मत स्पष्ट आहे, गॅरेजला न्या. तिथे एकच शॉकअप चिमटा, म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं तो वरखाली हलणारा सांगाडा, धरून असतो. तो निघाला की मागचं चाक खाली येतं आणि नीट टेकू नसेल तर बोटं सापडतात.

दोनवाल्या गाडीत एका वेळी एकच बाजू काढायची, दुसरी अजिबात सैल करायची नाही. सेंटर स्टँडवर मागचं चाक अधांतरी असतं आणि दुसऱ्या बाजूचा शॉकअप चिमट्याला पूर्ण ताणलेल्या जागी धरून ठेवतो, त्यामुळे नवा शॉकअप थेट भोकांवर बसतो. दोन्ही एकदम काढले की चाक खाली जातं, मग फळी घालून ते उचला आणि भोकं जुळवत बसा.

बोल्टांनी मात्र खरा घाम काढला. गाडी महिनाभर कळंगुटला मित्राकडे होती. समुद्राच्या वाऱ्याने खालचा बोल्ट असा गंजला होता की गोटी पाना लावला तर नटाचे कोपरेच सरकायला लागले. मावसभाऊ म्हणाला, "अरे, जोर कशाला लावतोस? आधी तेल पिऊ दे त्याला." गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, सकाळी हातोडीने डोक्यावर हलके टोले दिले आणि मग लांब दांड्याच्या पान्याने तो करकरत सुटला. बर्नरने तापवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉकअपच्या भोकात रबरी बुश (अस्तरासारखी नळी) असतो. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो. तो पूर्ण काढावा लागत नाही, मागचा बोल्ट काढून थोडा खाली केला की पाना जातो. नट निघूनही शॉकअप हलत नसेल तर बुश खिट्टीला, म्हणजे तो ज्या दांड्यावर बसतो त्याला, चिकटलेला असतो. डावी-उजवीकडे पीळ देत देत बाहेर ओढा. वायसर कुठून निघाला याचा फोटो काढून ठेवा. वरच्या नटाला काही गाड्यांत ग्रॅब रेलही (मागच्या माणसाने धरायचा दांडा) असते, तीही त्याच क्रमाने परत जाते.

काढलेल्या शॉकअपची स्प्रिंग घरी उघडायची नाही. ती आत दाबून बसवलेली असते, सुटली तर तोंडावर येते. गॅस भरलेल्या शॉकअपची नळकांडी तर छेदूसुद्धा नका.

नवी जोडी म्हापशात मिळाली. एकच बाजू बदलून पैसे वाचवायचा मोह होतो, पण मग एक बाजू कडक आणि एक मऊ अशी गाडी वळणात ओढ खाते. दुकानं दुपारी जेवणाच्या वेळी बंद होतात आणि चार वाजेपर्यंतही उघडतील याचा भरवसा नाही. रविवारी बहुतेक सगळं बंद, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराची गर्दी, तेव्हा गाडी लावायलाही जागा सापडत नाही. चतुर्थीच्या दिवसांत तर पार्टची आशाच सोडा. जुना शॉकअप सोबत न्या, लांबी आणि बुशचं भोक मोजून घेता येतं.

खिट्टीला थोडं ग्रीस लावूनच नवा बसवा, पुढच्या वेळी गंजाशी कुस्ती नको. नट आधी हाताने घ्या आणि शेवटचा पीळ गाडी स्टँडवरून उतरवून चाकांवर आली की द्या. स्प्रिंग कमी-जास्त कडक करणारी खालची खाचांची रिंग दोन्ही बाजूंना एकाच पायरीवर ठेवा. मागे माणूस आणि बॅगा असतील तर एक पायरी कडक करा. मी साखळीपर्यंत एक फेरी मारून सगळे नट पुन्हा तपासले, वरचा एक पाव फेरा अजून बसला.