आमची वाटचाल : उत्तर पुस्तकातून द्यायचं

ब्रिटनमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ मालवाहतुकीची छोटी कंपनी चालवतो. सुरुवातीला फर्निचर, कापड, यंत्रांचे सुटे भाग असा साधा माल असे. पुढे एका जुन्या गिऱ्हाइकाने रंग आणि थिनरचे ड्रम न्याल का, असं विचारलं, आणि आम्ही धोकादायक मालाच्या कायद्याच्या कक्षेत आलो.

हा कायदा म्हणजे एडीआर. रस्त्याने धोकादायक माल नेण्याबाबतचा हा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात १९५७ साली झाला, १९६८ मध्ये अमलात आला आणि दर दोन वर्षांनी सुधारला जातो. असा माल नेणाऱ्या, भरणाऱ्या, पॅक करणाऱ्या कंपनीला डेंजरस गुड्स सेफ्टी ॲडव्हायझर, म्हणजे डीजीएसए, नेमावा लागतो. नुसता माल पाठवणाऱ्यांनाही एडीआरने २०२३ पासून त्यात आणलं. हा सल्लागार बाहेरचा चालतो, कर्मचारी चालतो आणि खुद्द मालकही चालतो.

आम्ही आधी बाहेरचा सल्लागार घेतला. माणूस उत्तम होता, आजही आम्ही त्याचं मत घेतो. पण माल स्वीकारायचा की नाही हे गिऱ्हाईक फोनवर असतानाच ठरतं, आणि त्या वेळी फोनवर मी असतो. म्हणून सल्लागार होण्यासाठीच्या परीक्षेला मीच बसायचं ठरवलं.

ब्रिटनमध्ये या परीक्षेचे तीन भाग असतात : सर्वांना समान असा मूळ भाग, वाहतुकीचा प्रकार (रस्ता, रेल्वे की अंतर्गत जलमार्ग) आणि मालाचे वर्ग. वर्ग सगळे घेता येतात किंवा फक्त वायू, फक्त स्फोटकं, फक्त किरणोत्सारी पदार्थ असे निवडता येतात. आम्हाला रंग, आम्लं, बॅटऱ्या आणि गॅस सिलिंडर असं सगळंच लागणार होतं, म्हणून मी सगळे वर्ग घेतले. छोट्या कंपनीने याचा विचार आधीच करावा; गिऱ्हाईक काय आणून ठेवेल हे आपल्या हातात नसतं.

एडीआरचे दोन जाडजूड खंड पाहून छातीत धडकी भरते. पण परीक्षेत नियमांची पुस्तकं जवळ ठेवता येतात, बाकी काही चालत नाही. पाठांतराने फारसा फायदा होत नाही. नेमकं पान लवकर सापडलं पाहिजे. माझी सगळी तयारी प्रकरण ३.२ मधल्या तक्ता 'अ' भोवती फिरली. यूएन क्रमांक, म्हणजे धोकादायक मालाची ओळख सांगणारा चार अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक, शोधायचा आणि त्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे जायचं : नाव, वर्ग, पॅकिंग ग्रुप (धोका किती तीव्र), लेबल, विशेष तरतुदी, पॅकिंगच्या सूचना, वाहतूक श्रेणी, बोगद्याचा कोड (कोणत्या बोगद्यातून नेता येत नाही). प्रत्येक रकाना पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणाकडे पाठवतो. रोज काम संपलं की त्या दिवशी गोदामात आलेला एखादा क्रमांक घेऊन मी ही वाट शेवटपर्यंत चालत असे. क्लासच्या नोट्सपेक्षा मला याचाच जास्त उपयोग झाला.

सर्वाधिक कामाला आला तो एडीआरच्या परिच्छेद १.१.३.६ चा हिशेब, म्हणजे एका गाडीतला माल सूट मिळण्याइतका कमी आहे का ते पाहणं. समजा, एका व्हॅनमध्ये २०० लिटर ॲसिटोन आणि ३०० लिटर डिझेल आहे. ॲसिटोन वाहतूक श्रेणी २ मध्ये, त्या श्रेणीचा गुणक ३, म्हणून गुणिले ३, झाले ६००. डिझेल श्रेणी ३ मध्ये, गुणिले १, झाले ३००. बेरीज ९००, म्हणजे १००० च्या मर्यादेच्या आत. अशा मालाला बऱ्याच अटींतून सूट मिळते. तरी कागद, योग्य पॅकिंग, लेबलं, २ किलोचा अग्निशामक आणि माणसांचं प्रशिक्षण लागतंच. आता गिऱ्हाईक म्हणालं, आणखी ५० लिटर ॲसिटोन टाका, की बेरीज १०५० होते. मग प्रमाणपत्रधारक ड्रायव्हर हवा, गाडीला नारिंगी पाट्या हव्यात, पूर्ण साहित्य हवं. एवढ्याशा वाढीव मालाने सगळी गाडी बदलते. हे फोनवरच कळलं तर गिऱ्हाइकाला खरा दर आणि खरी वेळ सांगता येते.

अभ्यासात एक प्रसंग मनाला फार लागला. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर लोस अल्फाकेस इथल्या तंबूतळाजवळ प्रोपिलीनचा टँकर फुटला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. टँकरात क्षमतेपेक्षा जास्त माल भरला होता. टँकर भरताना भरणपातळी तपासणं हे आज भरणाऱ्याचं स्पष्ट कर्तव्य आहे. हे वाचल्यावर नियमातल्या रुक्ष ओळीही मला जपून वाचाव्याशा वाटू लागल्या.

परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं, आणि ऑफिसात एक रीत पडली : धोकादायक मालाबद्दल कोणीही आठवणीतून उत्तर द्यायचं नाही, मी सुद्धा नाही. पुस्तक उघडायचं, परिच्छेदाचा क्रमांक कागदावर लिहायचा, मग बोलायचं. नव्या ड्रायव्हरांना हे सुरुवातीला वेळखाऊ वाटतं. पण नियम खरोखर बदलतात. लिथियम आयन बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना पूर्वी यूएन ३१७१ लागायचा; २०२५ च्या एडीआरमध्ये त्यांना ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. जुनी आठवण तिथे चुकीचा कागद बनवेल.

सल्लागाराने वर्षाकाठी व्यवस्थापनाला अहवाल द्यायचा असतो आणि तो ५ वर्षं जपून ठेवायचा असतो. आमच्याकडे सल्लागार मीच आणि व्यवस्थापनही मीच, तरी अहवाल पूर्ण लिहिला जातो आणि भाऊ तो वाचून प्रश्न विचारतो. त्याच्या प्रश्नांमुळे आम्ही दोन प्रकारची कामं घेणं थांबवलं, कारण ती नीट करण्याइतकी माणसं आमच्याकडे नाहीत. पैसा गेला, पण तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

प्रमाणपत्र ५ वर्षंच चालतं आणि नव्याने हवं असेल तर शेवटच्या वर्षात पुन्हा परीक्षा द्यावी लागते. पुढच्या खेपेला भाऊही माझ्याबरोबर बसणार आहे. सध्या तो वर्ग २, म्हणजे वायूंपासून, सुरुवात करतोय.