वेट वाइप्सऐवजी धुऊन वापरायची सुती फडकी : माझा अनुभव

माझी लेक आता दीड वर्षाची होऊन गेली आणि ती चार महिन्यांची असल्यापासून आमच्या महिन्याच्या सामानाच्या यादीत वेट वाइप्स नाहीत. आणीबाणीला म्हणून कपाटात एक पाकीट असतं, तेवढंच. सोसायटीतल्या बाळंतिणी, ऑफिसमधल्या मैत्रिणी, चुलतबहिणी, ज्यांना कळतं त्या सगळ्या तेच तेच विचारतात, की शीची फडकी ठेवतेस कुठे, वास नाही का येत, मशीनला लावतेस का, पावसाळ्यात वाळतात का आणि सासूबाई काही म्हणत नाहीत का. प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहिते.

सुरुवात पुरळामुळे झाली. बाळंतपणाला मी साताऱ्याला आईकडे होते, तिथे वाइप्सचा विषयच निघाला नाही. आई कोमट पाण्यात पंच्याचा तुकडा बुडवून पुसायची, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतली ती काळी चिकट शी निघता निघत नाही म्हणून आधीच तिथे खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवायची, मग ती अलगद सुटून यायची. पुण्याला परत आल्यावर मात्र आम्ही दोघंच, वाघोलीला चौथ्या मजल्यावर, रात्री तीन वाजता पाणी कोमट करत कोण बसणार, म्हणून पाकिटं सुरू झाली. काही आठवड्यांत जांघेत आणि शीच्या जागी लालभडक पुरळ आलं, पुसायला हात लावला की ती किंचाळायची, आणि तिच्याबरोबर मीही रडायचे. डॉक्टरांनी क्रीम लिहून दिलं आणि म्हणाले, वाइप्स थोडे दिवस बंद ठेवा, साधं पाणी आणि सुती कापड वापरा, पूर्ण कोरडं करा आणि मगच क्रीम लावा.

पुरळ वाइप्समुळेच आलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, डायपरची ओल, घाम, सगळंच त्यात असतं. पण पाणी आणि कापडावर आल्यावर ते गेलं आणि परत तितकं कधी आलं नाही. मग मी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला लागले. ओलं वाइप महिनोन् महिने पाकिटात राहूनही त्याला बुरशी येऊ द्यायची नाही म्हटल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह आलंच. त्यातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक तर इतक्या जणांच्या त्वचेला त्रास द्यायला लागलं की अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या (त्वचेला काही लागून येणाऱ्या पुरळाच्या) डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ साली त्याला त्या वर्षीचं ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, म्हणून जाहीर केलं, आणि युरोपात नंतर लावून तसंच अंगावर ठेवायच्या प्रॉडक्टमध्ये ते वापरायला बंदी आली. आता बऱ्याच पाकिटांत ते नसतं हेही खरं, पण वाचून घ्यावं. आणि ते वाइप हाताला कापडासारखं लागलं तरी बऱ्याचदा कापूस नसतोच, पॉलिस्टर आणि व्हिस्कोस एकत्र असतं.

तर आता मुद्द्याचं. माझं ठाम मत झालंय की आपल्या घरात वाइप्सला पर्याय शोधायचा तर आधी पाण्याची सोय बघायची, कापड नंतर. परदेशातले व्हिडिओ बघितले की तीस-चाळीस मऊ चौकोन डब्यात भिजवून ठेवलेले, त्यात लॅव्हेंडरचं तेल वगैरे, असं सगळं दिसतं आणि वाटतं बापरे एवढं कोण करणार. अहो पण आपल्याकडे मुळात धुतात. बाळ मान धरायला लागलं की डाव्या हातावर पालथं घ्यायचं, बाथरूममध्ये न्यायचं, कोमट पाण्याचा मग आणि दोन मिनिटांत काम झालं. मग फडकं लागतं ते आधी वरवरची शी काढायला, नंतर टिपून कोरडं करायला, शिवाय रात्री आणि बाहेर गेल्यावर. हे लक्षात आलं तेव्हा माझं अर्धं ओझं उतरलं, कारण फडकी निम्मीच लागतात.

कापडाबद्दल सांगते. सगळ्यात चांगली निघाली ती आईची जुनी सुती साडी आणि बाबांचं धोतर, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की बाळाच्या कातडीला काही जाणवतच नाही. नवीन मलमल मी लक्ष्मी रोडवरून आणली होती, पण नव्या कापडाला खळ असते आणि कापसाचा स्वतःचा मेणचटपणाही असतो, त्यामुळे पाणी वरच्या वर घरंगळतं, चार-पाच वेळा गरम पाण्यात धुतल्याशिवाय ते पाणी नीट शोषत नाही. नुसत्या साडीचा तुकडा फार पातळ पडतो आणि शी बोटांना लागते, म्हणून मी एका बाजूला साडी आणि एका बाजूला फलालीन असे दोन थर केले. आठ इंचाचा चौकोन बरोबर बसतो, चार घड्या घातल्या की तळहातावर मावतो आणि एकाच फडक्याच्या दोन-तीन स्वच्छ बाजू वापरता येतात. कडा फॉल-पिकोवाल्या ताईंकडून इंटरलॉक करून घेतल्या, पिको नको, त्याची कडा टोचते. त्या ताईंनी गठ्ठा बघून विचारलं, हळदीकुंकवाला वाटायचे रुमाल का, आणि कशासाठी आहेत ते कळल्यावर म्हणाल्या थांबा, आणि दोऱ्याचे दोन रंग काढले, लाल दोऱ्याचे शीसाठी, पांढऱ्या दोऱ्याचे तोंड-हात पुसायला. इतकी साधी गोष्ट, पण घरात कोणीही उचललं तरी गोंधळ होत नाही. शिलाई नको असेल तर जुने होजियरीचे टी-शर्ट कापा, त्याच्या कडा उसवत नाहीत, गुंडाळतात फक्त. दिवसाआड मशीन लावत असाल तर तीसेक लाल आणि दहा-पंधरा पांढरी पुरतात.

फडकी कोरडीच ठेवायची. भिजवून डब्यात भरून ठेवलेली आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच आंबूस वास मारायला लागतात, आणि त्यात काही प्रिझर्व्हेटिव्ह नाही म्हणूनच तर आपण हे करतोय. बदलायच्या जागेजवळ एक स्प्रेची बाटली आणि रात्रीसाठी छोटा थर्मास, त्यात कोमट पाणी, लागेल तेव्हा ओलं करायचं. मुलगी असेल तर पुढून मागेच पुसायचं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आजोबांनासुद्धा.

आता धुणं. वापरलेलं फडकं आधी संडासात जेट स्प्रेखाली धरायचं. आपल्याकडे बहुतेक संडासांत तो जेट असतो ही केवढी मोठी सोय आहे हे मला नणंदेशी बोलताना कळलं, ती लंडनला असते, तिला तो वेगळा विकत आणून बसवून घ्यावा लागला. नुसत्या दुधावरची शी तर पाण्याने लगेच निघते, वरणभात आणि नाचणीचं सत्त्व सुरू झालं की घट्ट होते, ती आधी झटकून टाकायची. पाणी गारच घ्यायचं, सुरुवातीलाच गरम घेतलं तर डाग पक्का बसतो. मग पिळून झाकणाच्या बादलीत टाकायचं, बादली कोरडी, पाणी न भरता. भिजत घातलं की वास जास्त येतो, शिवाय रांगणारं मूल असलेल्या घरात पाण्याची बादली उघडी नको म्हणजे नकोच, बुडायला थोडंसं पाणीही पुरतं. मशीनला आधी एक साधं गार पाण्याचं रिन्स आणि मग साठ डिग्रीला पूर्ण वॉश, पावडर नेहमीइतकीच. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसून कापड पाणी प्यायचं बंद होतं. झिंकवालं क्रीमही तसंच चिकटून बसतं, म्हणून क्रीम पुसायला मी वेगळा कापूस वापरते.

सासूबाई आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, आपले कपडे ज्यात धुतो त्यातच हे?" मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही, सोवळं-ओवळं सोडा, प्रश्न स्वच्छतेचा होता. मी त्यांना संडासात नेऊन दाखवलं की मशीनमध्ये जाताना फडक्यावर शी नसतेच, आणि ही फडकी, लंगोट, दुपटी यांचा लोड वेगळाच लावते. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे, पण वाळत मी घालणार." तेव्हापासून गच्चीवर फडकी त्यांनीच घातली, प्रत्येक फडकं झटकून, डागाची बाजू वर करून. आणि मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा थक्क झाले. मशीनमधून निघालेलं फडकं पिवळट डागाचं, सकाळी दहाला उन्हात घातलं, दुपारी चहाच्या वेळी काढलं तर डाग जवळजवळ गायब. दुधावरच्या शीचा पिवळा रंग उन्हाने उडतो, फडकं ओलं असताना तर जास्तच. ब्लीच लागतच नाही.

आमच्याकडे खरा त्रास झाला तो टँकरच्या पाण्याचा. जड पाणी, साबण फेसच धरत नाही, आणि काही आठवड्यांत फडकी पापडासारखी कडक. ती तशी बाळाला लावायची नाहीत, खरचटतं. उपाय म्हणजे एक जास्तीचं रिन्स, आणि अधूनमधून शेवटच्या पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व, आणि वाळल्यावर दोन्ही हातांत धरून चोळायची, मऊ होतात.

पावसाळा मात्र कठीण आहे, हे गोड करून सांगणार नाही. जूनचे शेवटचे दिवस ते ऑगस्ट गच्चीचा उपयोग शून्य, घरात दोरीवर दोन दिवस लटकून दमट वास येतो आणि असलं दमट फडकं बाळाला वापरणं म्हणजे पुरळाला आमंत्रण. इथे दोन थर शिवल्याचा तोटा होतो, पातळ एकेरी तुकडे पंख्याखाली चार तासांत वाळतात, जाड फडकी वाळत नाहीत. म्हणून मी पावसाळ्यासाठी धोतराचे एकेरी मोठे तुकडे वेगळे काढले, वापरताना घडी घालून जाड करायचे, वाळत घालताना उलगडायचे. मशीनमध्ये स्पिन दोनदा, मग स्टँडवर पंख्याखाली, आणि शेवटी इस्त्री. ज्या आठवड्यात झड लागते त्या आठवड्यात बाळाला सरळ पाण्याने धुण्यावर भर द्यायचा आणि लागलंच तर कपाटातलं पाकीट उघडायचं. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. बाळाचं अंग कोरडं राहणं जास्त महत्त्वाचं.

मी कामावर रुजू झाल्यावर पाळणाघराचा प्रश्न आला. तिथल्या काकू स्पष्ट म्हणाल्या, "मी धुणार नाही हं." मी म्हटलं काकू, धुवायचं नाहीच, वापरलं की गुंडाळून या चेनच्या पिशवीत टाकायचं आणि चेन लावायची. आतून वॉटरप्रूफ कापड असलेली पिशवी मिळते ती घ्या, साधी प्लास्टिकची गळते. त्या तयार झाल्या, कारण त्यांचाही कचरा कमी होत होता. घरी आलं की पिशवी लगेच रिकामी करायची, रात्रभर राहिली तर वास मुरतो. एसटीने साताऱ्याला जाताना मी पाच-सहा फडकी ओली करून स्टीलच्या छोट्या डब्यात घेते, तेवढी त्याच दिवशी संपतात.

कचऱ्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. रोज सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई ओला-सुका हाताने तपासून घेतात. एकदा मी दार उघडलं तेव्हा त्या कुणाच्या तरी सुक्या कचऱ्यातून चुरगळलेले, शी लागलेले वाइप्स वेचून बाजूला काढत होत्या, उघड्या हातांनी. २०१६ च्याच घनकचरा नियमांत वापरलेले डायपर वगैरे वेगळे गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, आणि पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने तर असं गुंडाळून, ओळखू यावं म्हणून वर लाल ठिपका काढा अशी मोहीम चालवली, तरी लोक वाइप म्हणजे टिश्यूच समजतात आणि कुठेही टाकतात. संडासात टाकणारेही आहेत. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात वाइप्स आणि चरबीचा मिळून अडीचशे मीटर लांब, एकशे तीस टनांचा गोळा सापडला होता, आपल्या सोसायट्यांच्या अरुंद पाइपांत काय होत असेल विचार करा. आम्ही रात्री आणि प्रवासात डायपर वापरतोच, ते मी कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून देते. वाइप्स तरी त्या ताईंच्या हातात जात नाहीत, याचं मला मनापासून समाधान आहे.

कधी वापरू नये तेही सांगते. जुलाब लागले किंवा डॉक्टरांनी फंगल पुरळ सांगितलं तर तेवढे दिवस मी पाणी आणि कापूस वापरते आणि कापूस टाकून देते, आणि आधी वापरलेली फडकी उकळून कडक उन्हात घालते.

ज्यांचा सातवा-आठवा महिना चालू आहे त्यांनी आत्ताच आईला किंवा सासूबाईंना जुन्या सुती साड्या, धोतरं, पंचे बाजूला काढायला सांगा. आमच्याकडे बाळ येण्याआधी नवीन काही शिवत नाहीत, तुमच्याकडेही तसं असेल, पण जुनं कापड धुऊन फाडून ठेवायला कोणाची हरकत नसते. इंटरलॉक नंतर करता येतं. सुरुवातीला दहा तुकडे घ्या आणि फक्त घरात, फक्त दिवसा वापरा.