अठरा फुटांचा उतार

आमच्या कारखान्याची एक गृहपत्रिका आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती कॅन्टीनच्या दाराशी आणि टाइम ऑफिसच्या खिडकीत ठेवलेली असते. निम्मी इंग्रजी, निम्मी मराठी. आणि मराठी भागात सेवानिवृत्तांचे सत्कार, दहावी-बारावीचे गुणवंत पाल्य आणि सुरक्षा सप्ताहाची घोषवाक्ये. गेल्या एप्रिलमध्ये वरून निरोप आला की यंदा ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन’ या विषयावर दर महिन्याला एक पान मराठीत गेले पाहिजे. मी हिशेब विभागात काम करते; पण शाळेत निबंधाला बक्षिसे मिळत असत ही बातमी कुठून तरी फुटली असावी, कारण ते पान माझ्या टेबलावर येऊन पडले. या मार्चमध्ये बारावे पान छापून झाले. परवा सगळे अंक एकत्र काढून सलग वाचले आणि निम्म्याहून अधिक पाने आता पुन्हा लिहावीत असे वाटले.

सदराच्या नावापासूनच अडचण होती. ‘समावेशन’ हा शब्द संपादकांनी सुचवला. तो शासकीय परिपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो म्हणून मी ‘सामावून घेताना’ असे नाव दिले. मला ते फार आवडले होते. सामावून घेणे हे आपल्या रोजच्या बोलण्यातले क्रियापद आहे: एसटीच्या बाकावर तिसऱ्याला सामावून घेतात, लग्नघरी ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांना पंगतीत सामावून घेतात. त्या क्रियापदात घर कोणाचे आहे हे आधीच ठरलेले असते, ही गोष्ट मात्र मला सप्टेंबरपर्यंत सुचली नाही, आणि तीही कोणीतरी दाखवून दिल्यावर सुचली.

झाले असे. कॅन्टीनला तीन पायऱ्या आहेत. जुलैत त्यांच्या कडेने सिमेंटचा रॅम्प बांधला गेला आणि ऑगस्टच्या अंकात मी छायाचित्रासह पानभर कौतुक लिहिले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस कसे झाले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के कसे झाले, असे सगळे व्यवस्थित सांगून शेवटी ‘आता आपले कॅन्टीन खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले’ असे वाक्य टाकले होते. अंक निघाल्यावर आठवडाभराने स्टोअर्समधले एक सहकारी माझ्या टेबलापाशी आले. लहानपणी पोलिओ झालेला, अनेक वर्षे कुबड्या आणि आता दोन वर्षांपासून व्हीलचेअर. त्यांनी विचारले, “मॅडम, तुम्ही तो रॅम्प पाहिलात का?” मी म्हटले, “पाहिला की, फोटो मीच काढलाय.” त्यावर ते म्हणाले, “चढताना मागून दोघं लागतात ढकलायला. उतरताना चौघं, धरायला.” आणि त्यांनी खिशातून मोजपट्टी काढून माझ्या हातात दिली.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मोजले. प्रत्येक पायरी सहा इंचांची, म्हणजे चढ एकूण अठरा इंच. नियम असा की एक इंच चढायचे तर बारा इंच लांबी हवी. म्हणजे हा उतार अठरा फूट लांब पाहिजे होता. आमचा सहा फुटांचा होता, कारण त्यापुढे दुचाकींची शेड येते आणि शेड हलवण्याचा विचार कोणाच्याच मनाला शिवला नव्हता. आयुष्यभर आकडेमोड करणाऱ्या मला हा त्रैराशिकाचा सोपा हिशेब करावासा वाटला नाही, कारण मी त्या रॅम्पकडे लिहायचा विषय म्हणून पाहत होते आणि त्यावरून जाण्याची मला गरज नव्हती. शेड मोजून होईपर्यंत ते सहकारी काही बोलले नाहीत. नंतर हसत म्हणाले, “मला सामावून वगैरे घेऊ नका मॅडम. मी इथं एकोणीस वर्षं आहे. कॅन्टीनचं कूपन माझ्याही पगारातून कापतात.”

सप्टेंबरच्या पानात मी ऑगस्टच्या पानाची दुरुस्ती छापली. ती संपादकांना आवडली नाही. पण बांधकाम विभागाने ती वाचली असावी, कारण दिवाळीनंतर दुचाकींची शेड पलीकडे सरकली आणि नऊ फूट, मग सपाट वळण, मग पुन्हा नऊ फूट असा नवा उतार झाला. आता त्यावरून सर्वांत जास्त जा-ये होते ती चहाच्या ट्रॉलीची आणि भाजीच्या क्रेटची. त्याचे छायाचित्र मी काढले नाही.

काही पाने सहज पार पडली. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय झाला, त्याविषयीचे पान सर्वांना फार आवडले. आईवर लिहिले की कोणी भांडायला येत नाही. पाळणाघरावरचे पानही तसेच गोड होऊन गेले.

भाषेने खरे खिंडीत पकडले ते नोव्हेंबरच्या पानात. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षकाच्या कामावर घेतले होते, तो संदर्भ घेऊन मी तसे काम करणाऱ्या एका व्यक्तीशी बोलले आणि घरी येऊन लिहायला बसले, तर पहिल्याच वाक्याला अडले. इंग्रजीत प्रश्न केवळ सर्वनामाचा असतो. मराठीत लिंग क्रियापदाला चिकटते, विशेषणाला चिकटते, ‘चा-ची-चे’ला चिकटते, कोणी आला की आली हे ठरवल्याशिवाय माणूस दारातून आतच येत नाही. आदरार्थी अनेकवचनाचा आडोसा घ्यावा, तर तिथेही ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ वेगळे. मी ‘सदर व्यक्ती’, ‘संबंधित व्यक्ती’ असे म्हणत दीड तास काढला. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे वाक्ये व्याकरणात बसली, पण मजकूर पोलिसांच्या पंचनाम्यासारखा दिसू लागला. शेवटी फोन केला आणि विचारले. पलीकडून उत्तर आले, “ ‘त्या’ लिहा ना. मी मघाशी तुमच्याशी बोलताना ‘गेले होते, आले होते’ असंच नाही का म्हणत होते?” खरेच तसे म्हणत होत्या. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात म्हटले आहे, हे मी त्याच पानाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिणार होते. आणि समोर बसलेल्या बाईंच्या क्रियापदांकडे माझे लक्ष नव्हते.

जानेवारीत हळदीकुंकवाची सूचना फलकावर लागते, त्यात दरवर्षी ‘सर्व सुवासिनींनी’ असे शब्द असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याची आठवण मी जानेवारीच्या पानात करून दिली, आणि यंदा फलकावर ‘सर्व महिलांनी’ असे आले. शब्द बदलणे सोपे होते. कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या एक मावशी वाणाच्या स्टीलच्या वाट्या पुसून परातीत रचून ठेवतात. पती गेल्यापासून त्या रचून झाल्या की भटारखान्यात निघून जात. यंदा त्यांना मुद्दाम थांबवले. त्यांनी तिळगूळ घेतला, वाटी घेतली, आणि कुंकवाचा करंडा पुढे आला तेव्हा कपाळ मागे घेऊन म्हणाल्या, “राहू द्या, सवय मोडलीय.” मी त्यांना आग्रह केला नाही. करायला हवा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि एका विषयावर पान होऊच शकले नाही. एप्रिलच्या पहिल्या बैठकीत मी जातीविषयी लिहिते म्हटले, कारण महिना आंबेडकर जयंतीचा होता. “आपल्याकडे तसं काही नाही,” असे उत्तर मिळाले. आमचा कारखाना पुण्याच्या परिसरात आहे. याच पुण्यात १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. इन्क्लूजन हा शब्द जन्माला येण्याची वाट या मातीने पाहिली नव्हती. पण तो शब्द विमानातून उतरला तेव्हा त्याच्या सामानात जात नव्हती, आणि आम्ही ती घरातूनही भरली नाही. मी तेव्हा गप्प बसले, हेही इथे नोंदवते.

फेब्रुवारीत मात्र एक फट सापडली. कामगारांना आणणाऱ्या बसच्या थांब्यांचा तक्ता टाइम ऑफिसबाहेर लावलेला असतो, आणि त्यात एका थांब्याचे नाव जातीचे होते, पुढे ‘वाडा’ जोडलेला. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि त्या वस्तीचे नाव त्यानंतर समतानगर झाले होते, आमचा तक्ता तेवढा जुना होता. मी ‘तक्ते अद्ययावत ठेवण्याचे महत्त्व’ अशा मथळ्याचे, कोणालाही झोप येईल असे पान लिहिले. ते विनातक्रार छापले गेले आणि पंधरा दिवसांत तक्ता बदलला. त्या थांब्यावर चढणारा पेंटशॉपमधला एक मुलगा दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “मॅडम, मी चार वर्षं एक थांबा पुढं चालत जाऊन चढायचो.” ड्रायव्हर थांबा पुकारताना अजून कधीकधी जुनेच नाव घेतो.

नव्या वर्षाचे पान मी स्टोअर्समधल्या त्या सहकाऱ्यांना लिहायला सांगितले. त्यांनी आधी नाही म्हटले, मग दोन अटी घातल्या: सदराचे नाव बदलायचे, आणि पहिला विषय त्यांच्या मनाप्रमाणे. विषय आहे टाइम ऑफिसच्या भिंतीवरचे हजेरीचे यंत्र, ज्यात आम्ही सगळे रोज सकाळी कार्ड दाखवतो. काल ते मोजपट्टी घेऊन तिथे गेले होते. वरच्या टोकाचे माप धरायला त्यांना कोणीतरी हवे होते, म्हणून मीही गेले.